दहा दिवसांत सात मुक्काम

रस्ते खात्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्याने की त्याला ते ऐकू जाईच. त्याचं काम रस्ते मोजण्याचं. नवा रस्ता झाला, जुना रुंद केला, एखादं वळण काढून टाकलं, की हा टेप, खुंट्या आणि दोन माणसं घेऊन जायचा आणि कंत्राटदाराने कागदावर लिहिलेला आकडा खरा आहे की नाही ते ठरवायचा. खरा असला तर कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायचा, 'मोजले, बरोबर', आणि खाली सही. नसला तर कागद जसाच्या तसा परत. एकदा शाळेसमोरचा पदपथ चार इंच अरुंद भरला म्हणून त्याने उद्घाटनाची फीत बांधून झाल्यावर काम परत पाठवलं. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, चार इंचांनी कुणाचं काय अडतंय?" हा म्हणाला, "मग चार इंच जास्त टाकायला काय झालं होतं?" त्याच्या सहीखाली चौतीस वर्षांत एकही खोटा आकडा गेला नाही, हे त्याच्यावर खार खाणारेसुद्धा मान्य करत, आणि खार खाणारे काही कमी नव्हते.

खात्यात असा माणूस असावा, घरात मात्र असू नये. याच्या घरी तो रोज संध्याकाळी सहाला यायचा.

त्याची बायको शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन होतं. हा चपला काढता काढता तिच्या हातातल्या पडद्याकडे एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "डावीकडे जरासा खाली आलाय." ती मोजून बघायची, तर खरंच आलेला असायचा. तेच तर दुखणं होतं. त्याचं चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आमटीत मीठ चिमूटभर जास्त, चादरीची घडी तिरकी, भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट पुढे. तो हे रागाने म्हणत नसे, टोचूनही म्हणत नसे. दिसलं की बोलायचा, जसं कुणी म्हणावं की बाहेर ऊन पडलंय. आणि जे चांगलं व्हायचं त्याबद्दल गप्प. पुढे पुढे ती त्या गप्प बसण्यावरच समाधान मानायला शिकली. शेजारणीला सांगायची, "काल जेवताना काही बोलले नाहीत. म्हणजे बरं झालं असणार."

मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्याचं सगळं तपासणं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिला नकाशा मोजायला शिकवला होता. एका कालव्याचा नकाशा जमिनीवर पसरला, तिच्याकडून दोऱ्याचं रीळ मागून घेतलं आणि तिचा हात हातात धरून दाखवलं: दोऱ्याचं एक टोक इथे, दुसरं तिथे, मग तो दोरा खालच्या मापपट्टीवर ठेवायचा. "दोरा ताणून धर," तो म्हणाला होता. "सैल दोरा खोटं बोलतो." कालवा अगदी सरळसोट होता, तेव्हा ते बरोबरच होतं. वळणाचा रस्ता कसा मोजायचा हे त्याच्या पुढचं, पण तेवढ्यात खात्यातून बोलावणं आलं, तो उठून गेला आणि ती शिकवणी पुढची तीस वर्षं तिथेच राहिली. तिच्या मात्र ते पक्कं लक्षात होतं. त्याने असा हात धरून शांतपणे बसून काही शिकवण्याचा तो एकच दिवस.

आता त्या उष्ण देशाबद्दल. बाजारपेठेतल्या एका सहलीच्या कचेरीला तिने पडदे शिवून दिले होते. तिथल्या बाईंनी खूष होऊन तिला एक दिनदर्शिका आणि घडीचा एक मोठा नकाशा दिला. समुद्रापलीकडच्या, विमानाने अडीच तासांवरच्या एका हिरव्यागार उकाड्याच्या देशाचा. दिनदर्शिकेचं वर्ष संपलं तरी शेवटच्या महिन्याचं पान तिने मशीनच्या वर भिंतीवर चिकटवून ठेवलं. त्यात एक पांढरं दीपगृह होतं, तीन बाजूंनी समुद्र, आणि दीपगृहाच्या पायथ्याशी एक रिकामा बाक. समुद्राचं तिला फार वेड होतं असं नाही. तिला त्या बाकावर बसायचं होतं.

"आपण एकदा असं गाडीने फिरू या," ती म्हणायची. "आज इथे, उद्या तिथे. रोज नव्या गावात जाऊन झोपायचं."

"निवृत्त झालो की बघू," तो म्हणायचा. जन्मभर रस्त्यांवर उन्हातान्हात उभा राहणाऱ्या माणसाला सुट्टीत पुन्हा रस्त्यावर जाण्याची हौस कुठून असणार, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, तिने एवढं एकच मागितलं होतं.

तो निवृत्त झाला आणि चौथ्या महिन्यात तिचं पोट फुगायला लागलं. मग तपासण्या झाल्या, एक ऑपरेशन झालं, केस गेले, परत थोडे आले. वर्षभराने डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की आता आणखी औषध देण्यात अर्थ नाही. पोटात पाणी साचेल, ते दर चौदा दिवसांनी येऊन काढून घ्यायचं. "मधले दिवस बरे जातील," बाई म्हणाल्या. "दोन महिने, कदाचित तीन. काही करायचं राहिलं असेल तर आत्ता करा."

त्याच्या मनात इस्पितळ, कागदपत्रं, तिच्या भावाला कसं कळवायचं, असलं काहीबाही येत होतं. ती मात्र सरळ विचारती झाली, "गाडीत किती वेळ बसलेलं चालेल?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसाला तीन-साडेतीन तास. त्याहून जास्त नको."

घरी आल्यावर तिने मशीनवर झाकण घातलं आणि त्याच्यावर तो नकाशा पसरला.

तेव्हा मोबाइलवर रस्ते दिसत नव्हते. नकाशा, वही, पेन्सिल आणि सहलीच्या कचेरीतल्या बाईंचा फोन, एवढ्यावर तिने काम सुरू केलं. चौदा दिवसांतले जाण्यायेण्याचे आणि विश्रांतीचे वजा करून हातात दहा दिवस उरले. दहा दिवसांत सात मुक्काम. एक, तळ्याकाठचं गाव. दोन, चहाचे डोंगर. तीन, जुन्या लाकडी पुलाचं गाव. चौथ्यासाठी मोठा डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं. पाच आणि सहा ही कोळ्यांची गावं, आणि सात म्हणजे ते दीपगृह. तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने परत. प्रत्येक मुक्कामाला तळमजल्यावरची खोली हवी, हे तिने बाईंकडून पत्रं पाठवून पक्कं करून घेतलं. कुठे किती वाजता निघायचं, वाटेत आडवं कुठे होता येईल, गोळ्या कुठल्या घोटाबरोबर घ्यायच्या, मागच्या सीटवर किती उशा. उशांचे अभ्रे तिने नवे शिवले, बसवत नव्हतं तरी. मधूनच हाक मारायची, "अहो, तिकडच्या गाड्यांना मागची सीट मोकळी होते का हो?" मग तो जाऊन फोन करून विचारून यायचा. त्या तीन आठवड्यांत तिचा चेहरा असा उजळला होता की शेजारीण म्हणाली, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असणार.

अंतरांना मात्र तिने त्याला बोट लावू दिलं नाही. "ते मी करणार. तुम्हीच शिकवलंय." लाल दोरा घेऊन ती भिंगातून बघत एकेक टप्पा मोजायची. औषधांनी नजर अंधुक झाली होती, जवळचं दोन-दोन दिसायचं. तरी तिने सातही टप्पे मोजले, वहीत सुवाच्य अक्षरात मांडले आणि एका दुपारी वही त्याच्यासमोर ठेवली.

"तपासा," ती म्हणाली. "आणि खात्यात लिहायचात तसं लिहा खाली." मग थकून दिवाणावर आडवी झाली.

पहिला टप्पा सपाटीचा होता, बरोबर निघाला. दुसऱ्यावर त्याने नुसती नजर टाकली आणि त्याला कळलं. तळ्यापासून चहाच्या डोंगरापर्यंतचा रस्ता नकाशात आतड्यासारखा वळलेला होता. तिने या गावापासून त्या गावापर्यंत दोरा ताणून धरला होता आणि बासष्ट किलोमीटर लिहिले होते. तिसरा तसाच. चौथा तर विचारूच नका, डोंगर ओलांडायचा टप्पा, तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी. याने बोटाच्या अंदाजाने वळणं धरली, दीडशेच्या पुढे जात होते. म्हणजे पाच-सहा तास, आणि मध्ये मुक्कामाला एकही गाव नाही. चौथा टप्पा तिच्याने होणार नव्हता, आणि चौथा झाला नाही तर पाच, सहा, सात कुठले? परतीचा किनाऱ्याचा रस्ताही खाड्यांना वळसे घालत जात होता आणि त्यावर मुक्कामाला जागा नव्हती; दीपगृहाकडे जायला त्यांना झेपेल असा दुसरा रस्ता नव्हता.

ताणून धर, असं सांगणारा तोच. वळणाचं सांगायचं ठेवून उठून जाणाराही तोच.

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. तिच्या हाताला सुईच्या आणि सलाईनच्या अशा दोन्ही टोचण्यांच्या खुणा होत्या. बोलायला त्याने तोंड उघडलं. आणि त्या क्षणी त्याच्या मनात एक गोष्ट येऊन गेली, जिची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. त्याला वाटलं, कशाला सांगायचं? तिथवर जायची वेळच येणार नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काहीच चूक नाही?"

"एकही नाही."

आणि त्याने कोपऱ्यात लिहिलं, 'मोजले, बरोबर'. खाली सही केली, तारीख घातली.

वही छातीशी धरून पडून राहिली आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत राहिलं. नंतर तिने ती वही ज्याला त्याला दाखवली. शेजारणीला दाखवली, सहलीच्या कचेरीतल्या बाईंना दाखवली, पोटातलं पाणी काढायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही. "यांची सही आहे बरं का. हे उगाच सही करणारे नाहीत." याला धरणी ठाय देईना. पण आता मागे फिरायचं कसं? एकदा पुढे गेलेला कागद परत मागवायची त्याला सवयच नव्हती.

निघायला आठ दिवस होते तेव्हा तिचा धाकटा भाऊ भेटायला आला. भाऊ मालट्रक चालवायचा, आणि त्या देशात त्याने दोन वर्षं काढली होती. चहा व्हायच्या आत तिने त्याच्या मांडीवर वही ठेवली. भाऊ वाचत गेला आणि हसायला लागला.

"ताई, हे काय? तळं ते चहाचे डोंगर बासष्ट? अगं, नव्वदच्या खाली नाहीच ते. माझी कंबर अजून विसरली नाही तो रस्ता. आणि हा डोंगराचा टप्पा एका दिवसात? मी धडधाकट असताना वाटेत गाडी लावून झोपायचो."

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या सहीवर गेली. तो चपापला. "भावजींनी मोजलंय होय? मग माझंच चुकत असणार," असं म्हणून त्याने वही मिटली. वीस वर्षं ट्रक चालवणारा माणूस, पण त्याला या सहीपुढे आपल्या कंबरेवरही भरवसा राहिला नाही.

भाऊ जाईपर्यंत ती नेहमीसारखी बोलली, हसली, त्याला दारापर्यंत सोडायला उठली. दार लावून तिने आधाराला भिंत धरली.

"तुम्हाला कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. पण एका खोट्यालाच तो इतका मेटाकुटीला आला होता की दुसरं बोलायची ताकद नव्हती. "हो," तो म्हणाला.

"केव्हा?"

"दुसऱ्याच टप्प्याला."

"मग बोलला का नाहीत? अभ्र्याची शिवण दोन दोरे वाकडी गेली तर बोलता. घड्याळ दीड मिनिट पुढे गेलं तर बोलता."

"तू इतकी खूष होतीस. मला वाटलं, कशाला उगीच..."

"रस्त्याला लागल्यावर मला कळलंच असतं की. दुसऱ्याच दिवशी." ती बोलता बोलता थांबली. हिशोब जुळवताना बोटं थांबावीत तशी. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटलं, आपण रस्त्याला लागणारच नाही."

त्याला तिच्याकडे बघवेना.

"लोक ज्याच्यावरून खरंच जाणार आहेत असा रस्ता असता, तर तुम्ही खरा मोजला असता," ती म्हणाली. "माझ्या रस्त्यावरून कुणी जाणारच नव्हतं. मग काय, करून टाकली सही."

"तसं नाही गं."

"तीस वर्षांत एकदा म्हणालात, बरोबर आहे. मी सगळ्या गावाला दाखवत सुटले." एवढं बोलून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ती रागावून आदळआपट करती तर त्याला बरं वाटलं असतं. ती दिवसभर त्याच्याशी गोड बोलली, पाणी मागितलं, गोळी मागितली, 'तुम्ही जेवून घ्या' म्हणाली. त्याने मान खाली घालून जेवून घेतलं. एवढ्या वर्षांत त्याने तिला शंभर वेळा दुखवलं असेल, पण खरं बोलून दुखवलं होतं, आणि त्याची तिला सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मशीनपाशी बसली. त्याला हाक मारली नाही. टाचण्यांची डबी काढली आणि नकाशाखाली जुनी घोंगडी घालून प्रत्येक वळणावर एक एक टाचणी उभी केली. लाल दोरा पाण्यात बुडवून ओला केला, म्हणजे तो टाचण्यांना चिकटून वळणावळणाने बसतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाहीची गोलाई आणि गळ्याचा काठ जन्मभर बसवलेल्या बाईला ते आपोआप सुचलं. दोन टाचण्या टोचल्या की दहा मिनिटं पडायची, परत उठायची. मदतीला जावं म्हणून तो दोनदा दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा पाणी ठेवून परत आला.

तीन दिवसांनी नवे आकडे वहीत लागले. दुसरा टप्पा सत्त्याण्णव. तिसरा एकशे सहा. चौथा एकशे सत्तावन्न. मग तिने पट्टी घेऊन चार, पाच, सहा यांच्यावर सरळ रेघा मारल्या. सातवर मारताना पट्टी सरकली म्हणून परत नीट ठेवली आणि मारली. तिसऱ्या मुक्कामाला तीन दिवस राहायचं आणि आल्या वाटेने परत, असं खाली लिहिलं. कचेरीतल्या बाईंना फोन करून चार खोल्या नको म्हणून कळवलं. त्या बाईंना वाईट वाटलं, तर हिनेच त्यांची समजूत घातली.

"तपासू का?" त्याने विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही बरोबरच म्हणाल."

ती झोपली असताना त्याने तपासलं. दोऱ्याने नाही, नकाशावर फिरवायचं खात्यातलं बारीक चाक होतं त्याच्याकडे, त्याने. एकदा सरळ, एकदा उलटीकडून. दुसरा टप्पा, सत्त्याण्णव. तिसरा, एकशे सहा. तो चौथाही करून बघितला, ज्याच्यावरून आता कुणी जाणार नव्हतं. एकशे सत्तावन्न. त्याच्या हाताखाली पदवीधर माणसं होती, त्यांना असं कधी जमलं नव्हतं. तो चाक हातात घेऊन तिच्या उशाशी जाऊन बसला आणि ती जागी होईपर्यंत त्याला दम निघेना.

"ऐक ना. बरोबर आहे. अगदी तंतोतंत. अर्ध्या किलोमीटरचाही फरक नाही."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "हो का?" ती म्हणाली. "बरं झालं."

लहान मुलाने चित्र दाखवावं आणि आपण म्हणावं, तसं ते होतं. त्याने आकडे परत सांगितले, चाक दाखवलं, उलटीकडून मोजल्याचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छत्री घेतली का हो सामानात? तिकडे केव्हाही पडतो म्हणे."

आणि ते गेले. हे सांगायला हवं, कारण त्याला ज्याची खात्री होती ते झालं नाही. ती विमानात बसली, उतरली, उकाड्याने तिच्या चष्म्यावर वाफ धरली तेव्हा हसली. भाड्याच्या गाडीची मागची सीट मोकळी करून त्याने उशा रचल्या, नवे अभ्रे घातले. तिला आडवं राहूनच प्रवास करावा लागला. खिडकीतून तिला रस्ता दिसायचा नाही, झाडांचे शेंडे आणि आभाळ तेवढं दिसायचं. ती त्यातही खूष होती. "केवढी पानं आहेत हो," म्हणायची. "एकेक पान म्हणजे उशीचा अभ्रा होईल."

प्रत्येक टप्प्याला निघताना तो गाडीचा किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचा. पोचल्यावर मागे वळून आकडा वाचून दाखवायचा. तळ्याच्या गावाला म्हणाला, "चौऱ्याऐंशी. तू चौऱ्याऐंशीच लिहिलंयस." ती म्हणाली, "वा." चहाच्या डोंगरावर, थंड वाऱ्यात, त्याने गाडी थांबवली आणि मागे वळून जवळजवळ ओरडलाच, "सत्त्याण्णव. बघ, सत्त्याण्णव." ती उठून बसली नाही. समोरचे आकडे तिला आता भिंगातूनही लागत नव्हते. "वाचणारे तुम्हीच ना," ती हसून म्हणाली, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी लाकडी पुलाच्या गावात ते अकराच्या सुमाराला पोचले. मुक्कामाचं घर चालवणारी बाई वयस्क होती, कमरेला फडकं खोचलेली, ती गाडीचा आवाज ऐकून बाहेर आली. सामान उतरवायला ती पुढे झाली, तर याने तिला अडवलं आणि गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"एक काम करा. हा आकडा तेवढा मोठ्याने वाचा. माझ्या बायकोला ऐकू जाईल असा."

बाईला काही उलगडा होईना. तिने वाकून काट्याच्या काचेला डोळा लावला. "एकशे सहा," ती म्हणाली.

"परत एकदा."

"एकशे सहा हो. काही बिघडलंय का गाडीचं?"

त्याने मागे बघितलं. चौतीस वर्षं लोकांनी त्याच्या शब्दावर डोळे मिटून रस्ते उघडले होते, आणि आज त्याला एका अनोळखी बाईची साक्ष काढावी लागत होती. वही बायकोच्या पोटावर उघडी होती. तिसऱ्या टप्प्यापुढे तिच्याच अक्षरात एकशे सहा लिहिलेलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"यांनाही सांगून ठेवलंत होय?" ती म्हणाली.

"नाही गं. खरंच आहे. तू मोजलंस ते खरंच बरोबर आहे. देवाशपथ."

तिने हात पुढे केला. त्याने सीटवरून वाकून तो धरला. हात हलका झाला होता, बोटाच्या टोकाला सुईने पडलेला घट्टा तेवढा अजून होता.

"असू दे हो," ती म्हणाली. "किती करता माझ्यासाठी."